विद्यापीठातले विद्यार्थी आणि ख्रिस्ती जीवनदृष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही पाळकांचे. दोनतीन मी स्वतःलाच विचारलेले आहेत. विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटांत बरीच वर्षं बसून जी उत्तरं हाती लागली, ती इथे मांडली आहेत. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

'ख्रिस्ती जीवनदृष्टी' म्हणजे नेमकं काय?

जगाकडे कोऱ्या डोळ्यांनी कुणीच पाहत नाही. हे जग कुणी निर्माण केलं की ते आपसूक झालं? माणूस म्हणजे काय? जे बिघडलंय ते का बिघडलं, आणि ते कोण दुरुस्त करणार? या प्रश्नांची काही ना काही उत्तरं प्रत्येकाच्या मनात असतात. बहुतेकांनी ती कधी शब्दांत मांडलेली नसतात, पण पैसा खर्च करताना, जोडीदार निवडताना, बातमी वाचून चिडताना माणूस त्याच उत्तरांवर उभा असतो. जीवनदृष्टी म्हणायचं ते याला.

ख्रिस्ती माणसाला ही उत्तरं एका कथेतून मिळतात. देवाने जग निर्माण केलं आणि ते चांगलं होतं. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, पण त्याने बंड केलं आणि सृष्टीचा एकही कोपरा त्या बिघाडातून सुटला नाही. येशू ख्रिस्ताच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने देवाने उद्धाराची वाट उघडली, आणि शेवटी तो सगळं नवं करणार आहे. निर्मिती, पतन, उद्धार, नवी सृष्टी. संडे स्कूलला गेलेलं मूल हे चार शब्द झोपेतही सांगेल. पाठांतरात कुणी कमी पडत नाही. पण अर्थशास्त्राचं किंवा शरीरक्रियाशास्त्राचं पुस्तक उघडलं की हे चारही शब्द कुठे जातात ते कळत नाही. हे सगळं पान त्याच एका अडचणीबद्दल आहे.

हा शब्द बायबलमध्ये कुठे सापडतो?

कुठेच नाही. मूळ शब्द जर्मन, 'वेल्टआनशाउंग', आणि तो १७९० साली इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाच्या लेखनात पहिल्यांदा दिसतो. तिथून तो तत्त्वज्ञानाच्या वर्तुळात फिरत राहिला. ख्रिस्ती विचारात तो पक्का रुजवला तो जेम्स ऑर या स्कॉटिश ईश्वरविज्ञान्याने. त्याची एडिंबरातली व्याख्यानं १८९३ साली पुस्तकरूपात आली. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये अब्राहम कायपर हेच वेगळ्या वाटेने मांडत होता. कायपर पाळक, संपादक आणि पुढे १९०१ ते १९०५ या काळात देशाचा पंतप्रधान. १८८० साली त्याने अ‍ॅमस्टरडॅममध्ये सरकार आणि चर्च या दोघांच्याही ताब्यात नसलेलं विद्यापीठ काढलं. उद्घाटनाच्या भाषणात तो म्हणाला त्याचा आशय असा, की माणसाच्या आयुष्यात तसूभरही जागा अशी नाही जिच्याविषयी ख्रिस्त 'ही माझी' म्हणत नाही. हे वाक्य एखाद्या प्रार्थनासभेत उच्चारलेलं नाही, विद्यापीठ सुरू करताना उच्चारलेलं आहे. लोक ते उद्धृत करतात आणि हे विसरतात.

शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. सर्वांत मोठी आज्ञा सांगताना येशू अंतःकरण आणि जीव यांच्या जोडीला मनाचंही नाव घेतो. प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना मनाच्या नवीकरणाविषयी लिहितो. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात तर सर्व काही ख्रिस्तामध्ये एकत्र धरलेलं आहे असं म्हटलंय. त्या 'सर्व काही'मध्ये तुमचं तिसऱ्या सत्राचं क्रमिक पुस्तकही येतं.

हा प्रश्न विद्यापीठातच का उठतो? शाळेत का नाही?

कारण तिथे तीन गोष्टी एकदम अंगावर येतात: नवे विचार, नवी माणसं, आणि रविवारी सकाळी उठायचं की नाही हे आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ठरवणं. पालक पहिल्या गोष्टीला घाबरतात. माझ्या पाहण्यात विश्वास निसटतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीमुळे. कुठल्या नास्तिक तत्त्वज्ञाने त्यांना हरवलेलं नसतं. झोप जिंकते, मग सबमिशन जिंकतं, आणि सहा महिन्यांनी लक्षात येतं की प्रार्थना केल्याला बरेच दिवस झाले.

आणखी एक कारण आहे, जरा कमी दिसणारं. विद्यापीठ ज्ञानाचे कप्पे पाडतं. हा विभाग, तो विभाग. हा पेपर, तो पेपर. विद्यार्थीही नकळत एक कप्पा करून टाकतो: 'श्रद्धा, वैयक्तिक'. कप्प्यांना त्रास काहीच होत नाही. कशाचाच कशाशी वाद होत नाही, कारण कुणाचीच कुणाशी गाठ पडत नाही.

म्हणजे मुलांना निधर्मी विचारांपासून वाचवायचं, असंच ना?

नाही. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण या प्रश्नासाठीच लिहिलंय असं मला कधीकधी वाटतं. चार तरुण, परका देश, राजाच्या खर्चाने तीन वर्षांचं शिक्षण. अभ्यासक्रम कोणता? खास्द्यांची विद्या आणि भाषा, म्हणजे बाबेलचं (बॅबिलोनचं) सगळं वाङ्मय. त्यात तिथल्या देवांच्या कथा आणि शकुनशास्त्रही आलंच. नावंसुद्धा बदलली; दानीएलला दिलेल्या नावात बाबेलच्या दैवताचं नाव होतं. त्याने नाव चालवून घेतलं, अभ्यासक्रम चालवून घेतला, आणि अडला तो राजाच्या पंक्तीतल्या पदार्थांवर. आपण असतो तर यादी बरोबर उलटी केली असती.

तो अडला कसा, तेही पाहण्यासारखं आहे. मोर्चा नाही, शाप नाही. त्याने अधिकाऱ्याकडे विनंती केली, अधिकाऱ्याला स्वतःच्या मानेची भीती होती ती समजून घेतली, आणि दहा दिवसांची परीक्षा सुचवली. मग सतराव्या वचनात म्हटलंय की त्या चौघांना सर्व विद्यांचं ज्ञान देवाने दिलं. परक्या विद्येचं ज्ञान, देवाने दिलेलं.

वाचवलेलं मूल आणि घडलेलं मूल यांत फरक आहे. पहिल्याला दार बंद लागतं.

माझा विषय अकाउंटन्सी आहे. जमा-खर्चात ख्रिस्ती काय असणार?

हा प्रश्न हसत विचारला जातो, पण मला तो सगळ्यांत आवडतो.

दुहेरी नोंद पद्धतीचं पहिलं गाजलेलं छापील विवेचन १४९४ साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झालं. लिहिणारा लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन साधू होता आणि गणितज्ञही. पद्धत त्याने शोधली नाही, तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती नीट मांडून दिली. हिशेबाच्या वह्यांची सुरुवात देवाच्या नावाने करावी, असं तो सांगतो. आपण खूश होतो: बघा, ख्रिस्ती अकाउंटन्सी! पण त्याच विवेचनात तो अशा व्यापाऱ्यांची तक्रार करतो, जे दोन वह्या ठेवतात, एक विकणाऱ्याला दाखवायला आणि एक घेणाऱ्याला. देवाचं नाव वहीच्या माथ्यावर आणि लबाडी आतल्या रकान्यात. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असं म्हटलंय, त्यातला तराजू म्हणजे आजचा ताळेबंदच.

तर ख्रिस्ती दृष्टी पहिल्या ओळीत नसते, ती रकान्यात असते. आणि ती निव्वळ 'खोटं लिहू नका' एवढ्यावर थांबत नाही. आपण काय मोजतो आणि काय मोजतच नाही? नदीत सोडलेलं पाणी कुठल्या खात्यात येतं? कामगाराचं आजारपण कुणाच्या वहीत खर्ची पडतं? हे प्रश्न लेखाशास्त्राच्या आतले आहेत, आणि जग देवाचं आहे असं मानणाऱ्याला ते टाळता येत नाहीत.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २२:८ हे वचन आहे: नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, कुणी पडला तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. नियमशास्त्रात, उपासनेच्या विधींच्या इतक्या जवळ, बांधकामाचा सुरक्षा नियम! स्थापत्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने हे वचन पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती म्हणाली, 'म्हणजे माझा फॅक्टर ऑफ सेफ्टी बायबलमध्ये आहे.' तिला मी यापेक्षा जास्त काही शिकवू शकलो नाही.

विज्ञानाचं काय? उत्क्रांती आणि बिग बँग आले की आमची बोलती बंद होते.

आधी एक घटना. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली समीकरणांतून मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. १९३१ मध्ये त्याने सगळ्याची सुरुवात एका आदि-अणूतून झाल्याची कल्पना मांडली. आज आपण ज्याला बिग बँग म्हणतो त्याचं हे मूळ. पुढे १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धांताचा संबंध निर्मितीच्या सिद्धांताशी जोडला, तेव्हा सगळ्यांत अस्वस्थ कोण झालं असेल तर खुद्द लमेत्र. सिद्धांत उद्या बदलू शकतो, विश्वास त्याच्या खुंटीला टांगू नये, आणि भौतिकशास्त्रालाही धर्माची खुशामत करायला लावू नये, अशी त्याची भूमिका होती. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या शिबिरांत नेमकं उलट घडतं. विज्ञानाने काही सोयीचं म्हटलं की टाळ्या, गैरसोयीचं म्हटलं की 'हे तर फक्त थिअरी'.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या दारावर, ती १८७४ साली उभी राहिली तेव्हा, स्तोत्र १११ मधलं वचन लॅटिनमध्ये कोरलं होतं: परमेश्वराची कृत्यं थोर आहेत, ज्यांना त्यांत आनंद आहे ते त्यांचा शोध घेतात. तेव्हा प्रयोगशाळेचा प्रमुख जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता, विद्युतचुंबकीय समीकरणांचा. शंभर वर्षांनी प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा दारावर तेच वचन इंग्रजीत लागलं. आनुवंशिकतेचे नियम १८६६ साली छापून आणणारा मेंडेल तर मठातच राहत होता.

ही नावं दिली की विद्यार्थ्यांना धीर येतो, म्हणून दिली. पण नुसती नावं म्हणजे उत्तर नव्हे, आणि १६३३ चा गॅलिलिओवरचा खटलाही त्याच इतिहासात आहे. तो लपवू नका. उत्तर असं: एखादी गोष्ट कशी घडते हे विज्ञान शोधतं, आणि तेवढं शोधताना त्याने देवाचं नाव घेऊ नये हे योग्यच. पण 'म्हणून देव नाहीच' हे वाक्य कुठल्याही प्रयोगाचा निष्कर्ष नसतं. ते तत्त्वज्ञान आहे, विज्ञानाचा ॲप्रन घातलेलं. विद्यार्थ्याला ही शिवण ओळखता आली की बरंच काम झालं.

उत्क्रांतीबद्दल आणि बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाबद्दल निष्ठावान ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेल्या ऑगस्टीननेही निर्मितीचे सहा दिवस आजच्यासारखे चोवीस तासांचे धरले नव्हते. मी गटात वेगवेगळ्या भूमिका मांडतो, माझी सांगतो, आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याचं क्रमिक पुस्तक आधी नीट समजून घ्यायला लावतो. न वाचता खंडन करणं हे खोट्या साक्षीच्या फार जवळ जातं.

साहित्य आणि समाजशास्त्राच्या वर्गात तर ख्रिस्ती धर्मावरच आरोप होतात. तिथे काय बोलायचं?

आधी ऐकायचं. गुलामगिरीचं समर्थन बायबल हातात धरून झालं, हे खरं आहे. साम्राज्याच्या जहाजांतून मिशनरीही गेले, हेही खरं आहे. ब्रिटनमध्ये १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी आणायला विल्बरफोर्ससारखे श्रद्धाळू ख्रिस्ती झगडले, हेही तितकंच खरं. पण हे तिसरं वाक्य पहिली दोन पुसण्यासाठी वापरू नका. ख्रिस्ती कथेत 'पतन' नावाचा अध्याय आहे आणि त्यातून मंडळी, म्हणजे चर्च, वगळलेली नाही. संदेष्ट्यांचा निम्मा आवाज स्वतःच्याच लोकांविरुद्ध आहे. त्यामुळे आपल्या इतिहासावरची टीका ऐकताना ख्रिस्ती विद्यार्थ्याने सगळ्यांत कमी दचकायला हवं. प्रत्यक्षात तो सगळ्यांत आधी उसळतो, ही गोष्ट वेगळी.

वर्गात प्राध्यापकांशी वाद घालावा का?

क्वचित. प्रश्न मात्र जरूर विचारावा, आणि तो खरोखर उत्तर हवं असल्यासारखा.

परीक्षेत मला न पटणारं उत्तर लिहावं लागलं तर तो विश्वासघात होतो का?

नाही. 'फ्रॉइडच्या मते' हे दोन शब्द लिहून पुढचं सगळं नीट लिहा, पूर्ण गुणांचं लिहा. पौल अथेनैमध्ये (अथेन्समध्ये) अरीयपग या सभास्थानी बोलला तेव्हा त्याने ग्रीक कवीची ओळ जशीच्या तशी वापरली: आपण त्याचा वंश आहो. मूळ कवितेत ती ज्यूसविषयी आहे. म्हणजे पौलाने ती कविता वाचली होती किंवा ऐकून पाठ केली होती, आणि तिच्यातलं काय खरं आहे ते शोधलं होतं. त्या भाषणाचा निकालही बघून ठेवा: काहींनी थट्टा केली, काही 'पुन्हा केव्हातरी ऐकू' म्हणाले, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौल ढिला पडला होता असं ही हकिगत लिहिणारा लूक कुठेही म्हणत नाही.

शंका येणं पाप आहे का?

शंका येणाऱ्या विद्यार्थ्याला मी बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचायला देतो. जवळजवळ तीस प्रकरणं ईयोब देवाला जाब विचारत असतो आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला उत्तरं देत असतात. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. 'माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत.' गटप्रमुखांनी हे वाक्य टेबलावर लावून ठेवावं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी 'तरीही' येत नाही, आणि तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून विचारायला पाठवतो, 'येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?' आणि येशू त्याच्या शिष्यांसमोर त्याची लाज काढत नाही, उलट ते गेल्यावर लोकांपुढे त्याची स्तुती करतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या भाषेतलं आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत त्यांनी आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शक बायांशी पत्रांतून अशी काही खडाजंगी केली, की त्या बिचाऱ्या टेकीला आल्या. आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या. याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्या पत्रांच्या वेळी कुणी 'प्रश्न विचारू नकोस, नुसता विश्वास ठेव' असं त्यांच्या गळी उतरवलं असतं, तर ते भाषांतर झालं असतं का?

शंकेचे दोन प्रकार मात्र ओळखायला शिका. एकाला उत्तर हवं असतं. दुसऱ्याला रजा हवी असते.

आमच्याकडे बायबल अभ्यास आहे, प्रार्थनासभा आहे. आणखी वेगळं काय करायचं?

माझी एक फसगत सांगतो. मी काही वर्षं बारा व्याख्यानांची मालिका घेत असे. नास्तिकवाद, भोगवाद, सापेक्षतावाद, सगळे 'वाद' एकेक करून आडवे पाडायचे. मुलं छान टिपणं काढायची. त्यांतल्या सगळ्यांत हुशार मुलाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात प्रयोगाचे अर्धे आकडे घरी बसून तयार केले. मला ते कळलं, कारण त्याने स्वतःच सहज बोलता बोलता सांगितलं. त्यात काही चुकलंय असं त्याला वाटलंच नव्हतं. सापेक्षतावादाचं खंडन त्याला पाठ होतं. माझ्या बारा व्याख्यानांत खोट्या आकड्यांविषयी एक शब्द नव्हता.

तेव्हापासून व्याख्यानं बंद. आता आठवड्याला एक जण स्वतःच्या अभ्यासक्रमातलं एक पान घेऊन येतो. एकच पान. ते बाकीच्यांना कळेल अशा साध्या भाषेत समजावून सांगायचं. यातच निम्मा वेळ जातो आणि तो जायलाच हवा. मग आम्ही विचारतो, या पानात खरं आणि सुंदर काय आहे, ज्यासाठी देवाचे आभार मानावेत? हे पान माणसाविषयी काय गृहीत धरतं? आणि हे शिकून मी कुणाच्या उपयोगी पडणार? त्यानंतर शास्त्रातला उतारा, तोही त्या पानाशी ओढूनताणून न जुळवता.

पहिला महिना वाईट जातो. प्रत्येक जण पानाच्या खाली एक वचन चिकटवतो आणि मोकळा होतो. धीर धरा. आमच्याकडे दुसऱ्या महिन्यात अर्थशास्त्राची एक मुलगी ते प्रसिद्ध गृहीतक घेऊन आली: माणूस तर्कशुद्ध आहे आणि नेहमी स्वतःचा जास्तीत जास्त लाभ पाहतो. एकाने लगेच 'हे अख्रिस्ती आहे' म्हणून शिक्का मारला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'मला वाटतं हे पतनाचं बऱ्यापैकी वर्णन आहे. निर्मितीचं नाही.' त्या संध्याकाळी पुढे काही झालं नाही, कारण पुढे काही व्हायची गरज नव्हती.

गटप्रमुखाला सगळे विषय यायला हवेत का?

अजिबात नाही. 'मला कळलं नाही, परत सांग' एवढं म्हणता यायला हवं. याची लाज वाटणारे गटप्रमुख लवकर व्याख्यानांकडे वळतात.

नुसते विचार बदलून माणूस बदलतो का?

नाही बदलत, आणि 'जीवनदृष्टी' या शब्दावरचा हा सगळ्यांत रास्त आक्षेप आहे. माणूस त्याच्या मतांइतकाच त्याच्या सवयींनी आणि ओढींनी चालतो. तोंडाने 'माझी ओळख ख्रिस्तात आहे' म्हणायचं आणि निकालाच्या दिवशी जेवण जायचं नाही. यातला कुठला भाग तुमची खरी जीवनदृष्टी सांगतो? म्हणून उपासना, प्रभुभोजन, पापकबुली, एकत्र गाणं आणि आठवड्यातून एक दिवस वही न उघडणं, ही सगळी शिक्षणाचीच साधनं आहेत. शेवटचं तर विद्यार्थ्यांना सगळ्यांत जड जातं. परीक्षा चार दिवसांवर असताना शब्बाथ पाळणं म्हणजे विश्वाचा कारभार माझ्या तयारीवर चालत नाही याची अंगमेहनतीने दिलेली कबुली. 'अंगमेहनतीने' मुद्दाम म्हटलं. विश्रांती घ्यायलाही कष्ट पडतात.

ख्रिस्ती दृष्टी म्हणजे ठरावीक राजकीय मत का?

या शब्दाचा इतिहास इथे सावध करतो. जर्मनीत 'वेल्टआनशाउंग' हा नाझींचा लाडका शब्द झाला, आणि 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या चळवळीने त्यांच्या दृष्टीवर क्रूस रंगवून घेतला. १९३४ साली बार्मेन इथे जमलेल्या ख्रिस्ती लोकांना जाहीर करावं लागलं, की मंडळीने ऐकायचा शब्द एकच, येशू ख्रिस्त. दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट आणखी टोचणारी आहे, कारण तिथे वर्णद्वेषाला ईश्वरविज्ञानाचा आधार देणाऱ्यांनी कायपरच्याच विचारांचा वापर केला. त्याच डच रिफॉर्म्ड परंपरेतल्या, पण गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या मंडळीने १९८२ साली बेल्हार विश्वासकबुलीचा मसुदा केला आणि १९८६ साली ती स्वीकारली; तिचा गाभा ऐक्य, समेट आणि न्याय.

तेव्हा तुमची ख्रिस्ती दृष्टी आणि तुमच्या आवडत्या पक्षाचा जाहीरनामा दर वेळी तंतोतंत जुळत असतील, तर एकदा चष्मा तपासून घ्या.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांचं काय? त्यांच्यामुळे ओढ कमी होत नाही का?

ज्याचे सगळे मित्र ख्रिस्ती, त्याला स्वतःचा विश्वास साध्या शब्दांत सांगायची वेळच येत नाही. पेत्र म्हणतो, तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. म्हणजे विचारण्याइतकं जवळचं कुणीतरी हवं. आणि मित्र म्हणजे सुवार्तेचं गिऱ्हाईक नव्हे. त्यांना ते लगेच कळतं.

आम्ही पालक लांबून काय करू शकतो?

'चर्चला गेलास का?' याआधी 'या आठवड्यात काय शिकलास?' हे विचारा, आणि उत्तर कळलं नाही तरी ऐका. घरात ज्या प्रश्नांवर बोलता येत नाही ते प्रश्न मूल बाहेर विचारतं, आणि उत्तरही बाहेरचंच घेऊन येतं.

पाळकांनी काय करावं?

विद्यार्थ्यांना उपदेश कमी द्या आणि मंडळीतली माणसं जास्त द्या. तुमच्याकडे नर्स आहेत, वकील आहेत, हिशेबनीस आहेत, शिक्षक आहेत. त्यांनी लाच नाकारून काय गमावलं, कुठे घसरले, कुठल्या निर्णयाला झोप लागली नाही, हे एखाद्या विद्यार्थ्यासमोर खुर्ची टाकून बसून सांगितलं, तर त्याची सर प्रवचनाला येत नाही. अडचण एवढीच, की या मंडळींना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. आपलं काम देवाच्या कामाचा भाग आहे असं त्यांनाही पहिल्यांदाच ऐकायला मिळतं.

आमच्या गटातली एक मुलगी यायची बंद झाली. विश्वास उरला नाही म्हणते. आम्ही काय करावं?

पहिली गोष्ट, तिचं नाव प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये टाकून गटाच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका. हे होतं, आणि दरवाजा नेमका यानेच बंद होतो. यहूदाच्या छोट्याशा पत्रात, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा असं म्हटलंय. दया एकांतात जास्त चांगली होते.

तिला भेटायला जा. ती जे सांगेल ते ऐका. त्यात तुमच्या गटाविषयी काही असेल, तर तेही ऐका. तिच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देऊ नका. योहानाच्या सुवार्तेत येशूचा शिष्य थोमा 'मी विश्वास ठेवणारच नाही' म्हणाल्यानंतर मधे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत काय बोलणं झालं ते लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलंय, की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं, आणि तोही निघून गेला नव्हता.

ती सभेला येणार नाही म्हणाली तर चहाला बोलवा. तिचं प्रात्यक्षिक कसं गेलं ते विचारा.